ससाण्याचं उष्टं

ससाणा आला तो थेट पिल्लांवर. कागेहाची तांबडी कोंबडी मध्ये आडवी पडली. कागेहा मुसळ घेऊन धावली तेव्हा कुठे तो उडाला. तांबडीच्या पाठीचं कातडं फाटून लोंबत होतं, पोटाखाली सातही पिल्लं मात्र शाबूत होती.

तिचा नवरा आगुफाना वाकून बघत म्हणाला, "काप तिला. नाहीतरी रविवारी जावई लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला येतोय."

"बरं सुचतं तुम्हाला! आधी पाणी तापवा."

"अगं, मरणारच आहे ती. फुकट कशाला घालवायची?"

आईवाचून एवढीशी पिल्लं गारठून जातील, हे तर होतंच; पण कागेहाला तांबडीचाच फार लळा होता. नवऱ्याला हे सांगून काय उपयोग? तिने वेगळीच तार छेडली.

"कापा की. जावयाला अख्खा पक्षी वाढायचा, तुकडान् तुकडा मोजून. पाठ फाटलेली दिसली की तो घरी जाऊन सांगेल, सासऱ्याने ससाण्याचं उष्टं वाढलं म्हणून."

आगुफानाचा चेहरा पडला. गेल्याच वर्षी शेजारच्या जावयाच्या ताटात एक पंख कमी निघाला होता आणि ती बातमी गावभर करणारा हाच गृहस्थ होता.

"मग कापायचं काय?"

कागेहा नुसती कुंपणाकडे बघत राहिली. तिथे आगुफानाचा लाडका कोंबडा मान ताठ करून बसला होता.

"त्याच्याकडे बघू नकोस!" आगुफाना ओरडला.

पण इज्जतीचा प्रश्न होता.

कागेहाने जखमेभोवतीची पिसं कापली, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, उकळलेल्या सुईदोऱ्याने चार टाके घातले आणि वर कोरफडीचा गर लावला. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून जीव घेतात, म्हणून तांबडीला चुलीजवळ डालग्याखाली ठेवलं. चमच्याने पाणी पाजलं. सांज झाली की पिल्लं तिच्या पोटाशी सरकवायची. तांबडी त्यांना ऊब द्यायची, पण दाण्याला तोंड लावेना आणि आवाजही काढेना. तीन दिवस झाले. शनिवारी कागेहाने आशा सोडली आणि चुलीपुढे बसून मनसोक्त रडून घेतलं.

रविवारी कोंबडा शिजला. सासूने जावयासमोर जायचं नसतं, म्हणून कागेहा स्वयंपाकघरातच राहिली. धाकटी मुलगी म्बोने ताटं नेत होती. कोंबड्याचा पोटा तेवढा रीतीप्रमाणे घरधन्याला गेला. एरवी पाहुण्यांना हसवणाऱ्या आगुफानाचा बाहेरून एकही विनोद ऐकू येईना.

एवढ्यात डालग्याखालून आवाज आला. टुक, टुक, टुक. कागेहाने डालगं उचललं. तांबडी धडपडत उभी राहिली होती. पुढ्यातला मक्याचा दाणा चोचीने उचलायची, खाली टाकायची आणि चुलीपाशी फिरणाऱ्या पिल्लांना हाका मारायची. चार दिवसांची उपाशी बाई, पण स्वतः एक दाणा गिळत नव्हती. कागेहाला हसू आणि रडू एकदमच आलं.

दारात आगुफाना उभा होता. तो आवाज ऐकून, जावयाला तसाच जेवत ठेवून, हातात मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा गोळा घेऊन आला होता. तो मांडी घालून जमिनीवर बसला, गोळ्याचा चुरा करून पिल्लांपुढे टाकू लागला.

"तू खा गं बाई आधी," तो तांबडीला म्हणाला. "यांना मी भरवतो."