ओटीतलं भाडं

लढाई संपून फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलो, तेव्हा गावातल्या ज्याला त्याला मला एकच सांगायचं होतं: रान घे, शेती कर. पाटणच्या खोऱ्यात शहाणपणाची दुसरी व्याख्या नाही. मी घेतलं पाचगणीत घर. एक पारशी म्हातारा कायमचा मुंबईला लेकीकडे निघाला होता, त्याचं तीन बिऱ्हाडांचं कौलारू घर. एका बाजूला आम्ही नवराबायको राहायचं आणि उरलेल्या दोन बाजू उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या, असा माझा बेत.

"हवा इकून कुणाचं प्वाट भरलंय का रं, हंबीर?" थोरले बंधू लालासाहेब म्हणाले. "मिरगाच्या आत मी येतो. घरानं भाडं मिळवलं आसंल तर ठीव. न्हाईतर इकायचं, आन् गुमान घरला यायचं."

आमच्या घरात थोरल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला परत जायला लागलं असतं तर चार दिवस तोंड पाडून गप्प झालो असतो. जीव अडकला होता माझ्या बायकोचा, साळूचा. गावाकडे जावांमध्ये एक चूल. लग्न झाल्यापासून तिने स्वतःच्या मनाने कालवणात मीठ घातलं नव्हतं. इथे तिला स्वतःची चूल मिळाली. ती चूल ती रोज सारवायची आणि उगाचच तिच्यासमोर बसून राहायची. मला ते बघून फार बरं वाटायचं.

आणि भाडं बुडवलं ते हिनेच.

पहिले आले फलटणचे एक मास्तर. साळूने त्यांच्या पोराला दूधभाकरी चारली, त्यांच्या बायकोला हक्काने वेणी घातली. जायच्या दिवशी मी पडवीत उभा राहून भाड्यासाठी घसा खाकरतोय, तोवर ही सुपात तांदूळ आणि वर एक भोपळा घेऊन बाहेर आली.

"आवं, भाडं काय मागताय? पोरानं आपल्या ताटात खाल्लंय. पावण्याकडनं पैसं घेतलं म्हनून कळलं, तर माह्येरात त्वांड दावाय जागा ऱ्हायची न्हाई."

मास्तर हुशार. भोपळा काखेत मारून त्यांनी मोटार गाठली.

"अगं, ते पावणे न्हवंत! भाडेकरू हायेत!" मी ओरडलो.

"मग आलं तवा त्येंच्या पायावर पानी कुनी घातलं?"

मीच घातलं होतं. दारात माणूस आलं की हात आपोआप तांब्याकडे जातो, त्याला मी काय करू? इटलीत तोफांसमोर उभा राहिलो, पण घरात आलेल्या माणसापुढे हात पसरायची वेळ आली की माझीही जीभ टाळ्याला चिकटायची. तिला ओरडलो ते खरं तर स्वतःवरच.

मग सांगलीचे वकील विष्णुपंत आले, पत्नी गोदावरीबाईंना हवापालट हवा म्हणून. सोवळंओवळं कडक, स्वयंपाक त्यांचा त्या करणार. मी मनात म्हटलं, सुटलो! आता आपल्या ताटात कुणी जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी साळूने त्यांच्या दारात शिधा नेऊन ठेवला. तांदूळ, डाळ, गूळ, तुपाची वाटी, वर चार वांगी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकादशीला दक्षिणाही ठेवली. विष्णुपंत भाड्याचे पैसे घेऊन आले, तर ही दोन पावलं मागे सरली.

"बामनाला शिधा द्याचा आन् त्येच्याकडनंच पैसं घ्याचं? नरकातबी जागा मिळायची न्हाई, बाबा."

विष्णुपंतांनी पैसे खिडकीत ठेवले. संध्याकाळी ते तुळशीच्या पानासकट त्यांच्याच उंबऱ्यावर परत.

"हवालदार," ते मला म्हणाले, "भाडं घ्या म्हणून घरमालकावर दावा लावणारा मी पहिला वकील ठरणार बहुतेक."

मला हसू आलं आणि रडूही. मिरीग तोंडावर आला होता.

त्यांची निघायची वेळ झाली आणि त्याच दिवशी लालासाहेब हजर. खालीच बसले नाहीत. "भाडं मिळालं?" मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागलो. "मंग चला. सामान बांधा."

आत साळू चुलीपुढे बसून रडत होती. निरोप घ्यायला आलेल्या गोदावरीबाईंनी तिला काय झालं म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितलं.

"अहो, मग आमचं भाडं घ्या ना!"

"ते कसं घिऊ, बाई?"

गोदावरीबाई उठल्या. आपल्या बिऱ्हाडात गेल्या आणि नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या. साळूला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं.

"पदर पुढे करा."

सवाष्णीने ओटी भरायला घेतली तर नाही कोण म्हणेल? साळूने पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला, मग घडी घातलेला खण पडला तो जरा जास्तच जोरात. खणाच्या घडीत सबंध मुक्कामाचं भाडं होतं.

साळू दचकली. "बाई, ह्ये..."

"ओटीतलं परत देतात का कुठे?" गोदावरीबाई म्हणाल्या आणि नमस्कार करून मोटारीत जाऊन बसल्या. विष्णुपंत माझ्याकडे बघून मिशीत हसले. दावा त्यांच्या बायकोने जिंकला होता.

लालासाहेबांनी दारातून सगळं पाहिलं होतं. "ह्ये काय हाय?"

एरवी साळू थोरल्या दिरापुढे डोक्यावरचा पदर सारखा करण्यापलीकडे काही करायची नाही. आज ओटी पोटाशी धरून ती उठली.

"घराचं भाडं, भावजी."

 लालासाहेब पायातलं पायताण काढून पडवीत टेकले. मी तांब्या आणायला धावलो.

"एक दिस ऱ्हातो," ते म्हणाले आणि चार दिवस राहिले. वारं खाल्लं, साळूच्या हातचं कालवण दोनदा मागून घेतलं. जाताना पटका बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढल्या साली थोरलीला घिऊन येतो. आमास्नीबी एक बाजू ठीव. थोरली ओटी भरंल तुजी, साळूबाई."

मी मान खाली घातली. थोरल्याच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता घर राहिलं, चूल राहिली, आणि वर एक भाडेकरू ठरला.

साळू मात्र चटकन म्हणाली, "न्हाई, भावजी. माह्येरी आल्याली लेक तशी माज्या दारात आल्याली जाऊ, तिची ओटी मीच भरनार. तुमी निस्तं या."

झालं! पुढच्या सालचं भाडं आत्ताच बुडालं. पण लालासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.