दोन गोळ्यांनंतरचा फोटो

आमचे हे न्हावी. हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. मग पार्किन्सन मागे लागला. वस्तरा मी काढून घेतला, तर हे कात्रीवर अडून बसले. मध्यंतरी एकाच्या कानालाच लागली. मी ठणकावून सांगितलं, "यंदा मेंदूचा फोटो बरा आला तर दुकान चालू, नाहीतर बंद!"

हा फोटो दरवर्षी काढतात. आदल्या संध्याकाळपासून गोळी घ्यायची नाही, म्हणजे आजार किती पुढे सरकलाय ते झाकलं जात नाही. वर बोटं जुळवायची चाचणी. मेलं ते मशीन इतकं ठणठणतं, की कान किटतात. पण यंदा हे हसतहसत आत गेले. मला वाटलं, चला, धीर आला एकदाचा.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वर्षांचे फोटो शेजारीशेजारी लावले. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलतात म्हणे, त्याच्या रेघा. गेल्या वर्षी दाट जाळं होतं, यंदा निम्म्या रेघा गायब. बोटांची चाचणीही घसरलेली.

"घाबरू नका ताई," त्या म्हणाल्या. "हे सगळं गोळीशिवायचं आहे. डोस वाढवू, काकांचा हात बराच सुधारेल."

मी त्यांच्या पायाच पडणार होते. इतक्यात हे खाली मान घालून म्हणाले, "मी घेतली होती."

"काय घेतली होती?"

"गोळी. एक सोडून दोन. त्या दिवशी सकाळी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे काका, दोन गोळ्या घेऊनसुद्धा हे..."

"अहो, शाळेतल्या पोरासारखी कॉपी केलीत?" मी भडकले. "कुणाला फसवायला निघालात?"

"तुला," हे म्हणाले. "नापास झालो तर दुकान बंद करणार होतीस ना?"

असा संताप आला, की एक ठेवून द्यावी. आणि अशी कीव आली, की जवळ घ्यावं. डॉक्टरीणबाई डोस वाढवायचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

बाहेर जिन्यापाशी हे थांबले. "खिशात दुकानाची किल्ली आहे," म्हणाले. "माझ्या हाताने निघत नाहीये. तूच काढून घे."