गॅरेजात चालू, शिरोलीत बंद

मित्रांनो, मी कोडोलीची एक जुनी पांढरी व्हॅन आहे. माझा जन्म दोन हजार एक सालचा. कार्ब्युरेटर जाऊन गाड्यांना नुकता कुठं मेंदू बसवायला लागले होते, त्या काळातली मी. मेंदू म्हणजे एक चपटी पेटी. इंजिनावरचे छोटे छोटे सेन्सर तिला खबर देतात आणि त्या खबरीवर ती पेट्रोल आणि ठिणगी सोडते. खबर थांबली की सगळंच थांबतं. आज मी हे शहाण्यासारखं सांगते आहे, पण दोन हजार आठ साली मलाही ते ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनाही नव्हतं.

माझी पहिली पाच वर्षं शाहूपुरीतल्या एका बेकरीचे पाव वाहण्यात गेली. बेकरीवाले चारचौघांत माझं कौतुक करायचे, “हिनं एक दिवस खाडा केला न्हाय.” पुढं बाळासो कांबळे यांनी मला विकत घेतलं. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं साचे भरले होते. निवृत्त झाल्यावर लेकीला आणि नातवंडांना घेऊन गावं बघायची, हा त्यांचा बेत होता. पण दोन वर्षांतच त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. गावं बघायची राहिली आणि दर मंगळवारी, शुक्रवारी मी त्यांना कोल्हापूरला डायलिसिसला नेऊ लागले.

गाडी चालवायची त्यांची लेक निशा. ती त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणते. ती गावात शिवणक्लास चालवायची. त्या दोन दिवशी क्लास बंद ठेवून ती सकाळी सातला मला चालू करायची.

आणि मग ते सुरू झालं. कोडोलीहून मी झकास निघायची. वाठार यायचं, हायवे लागायचा, आणि शिरोली फाटा जवळ आला की काहीही न सांगता माझं इंजिन बंद व्हायचं. आचके नाहीत, धूर नाही. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन काही धरायचं नाही. मग कसाबसा अर्धा तास गेला की जणू काही झालंच नव्हतं, अशी मी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःचीच चीड यायची.

कोडोलीच्या गुंडू मिस्त्रींनी प्लग बदलले, पुढच्या आठवड्यात पेट्रोलचा पंप बदलला, त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉइल. मी प्रत्येक वेळी त्यांच्या दारात शहाण्या मुलीसारखी चालू. ते गावातून दोन फेऱ्या मारून यायचे आणि किल्ली निशाच्या हातात द्यायचे.

“ताई, गाडीत काय बी न्हाय.”

“मग बंद का पडती?”

“तुमचा क्लच चुकत असंल. माझ्या हातात एकदा तरी बंद पडली का?”

निशा लाल व्हायची. गाडी चालवायला लागून तिला सात वर्षं झाली होती. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात तिनं मला नेलं. तिथं संगणक जोडून त्यांनी कागद काढला आणि तिच्यासमोर धरला. “काही दोष दिसत नाही, मॅडम.” पुढच्या मंगळवारी मी पुन्हा शिरोलीत बंद.

त्या मंगळवारी उशीर फार झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत आप्पांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. उद्या या म्हणाले. ती रात्र आप्पांनी बसून काढली. पाणी छातीत चढलं होतं, आडवं झालं की श्वास लागत होता. सकाळी माझ्यात बसताना निशानं माझं दार असं आपटलं की काच खाली घसरली.

“तुमीच म्हटलासा ही गाडी घ्यायची!” ती वडिलांवरच ओरडली आणि लगेच रडायला लागली.

त्या दिवसापासून आप्पा घड्याळ बघू लागले. माझं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यावरच ते बसायचे. बंद कधी पडली, सीट हाताला किती तापलेली, परत चालू कधी झाली, सगळं ते दवाखान्याच्या फायलीच्या पाठीवर लिहायचे. चार वेळा लिहून झाल्यावर ते गुंडू मिस्त्रींकडे गेले.

“मिस्त्री, ही तापली की मरती अन् गार झाली की उठती. ओतलेल्या लोखंडात केसाएवढा तडा असतोय. गार असताना दिसत न्हाय, तापला की उघडतोय. तसं काय तरी आत हाय बघा.”

“बाळासो, हे काय तुमचं कास्टिंग न्हवं,” मिस्त्री हसून म्हणाले.

आप्पांनी फाइल मिटली आणि घरी आले. त्यांचा अपमान मला झोंबला, पण मी काय बोलणार?

त्यानंतरच्या शुक्रवारी मी फाट्यावर बंद पडले ती सयाजी वायरमनच्या दुकानासमोर. हा माणूस गाड्यांच्या बॅटऱ्या आणि वायरिंगचं काम करायचा. तो आपणहून पुढं आला.

“पावणं, ही गाडी हितंच कशी मरती वं? तिसऱ्यांदा बघतोय मी.”

आप्पांनी फाइल पुढं केली. सयाजीनं ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली. मग सीट उचलली आणि म्हणाला, “आजवर सगळ्यांनी हिला जिती असताना तपासलं. मेलेली असताना कोण बघितलंच न्हाय.”

त्यानं एक प्लग काढून स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी नाही. पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या तारांना तपासणीचा छोटा दिवा जोडून पाहिला. तिथंही अंधार. “दोन्ही एकदम बंद. म्हणजे इंजिन फिरतंय ही खबरच पेटीला जात न्हाय.” ती खबर देणारा क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, सेन्सर अंगठ्याएवढा, इंजिनाच्या खालच्या अंगाला. सयाजीनं फडकं गार पाण्यात बुचकळून त्याच्यावर दाबून धरलं. पाच मिनिटांनी म्हणाला, “ताई, मारा किल्ली.”

मी सुरू झाले! अर्धा तास नाही, पाच मिनिटांत. आप्पा सीटचा दांडा धरून नुसते मान हलवत राहिले.

“आधी दवाखाना गाठा,” सयाजी म्हणाला. “फडकं वलं करून ठेवलंय. येताना थांबा, तवर नवा सेन्सर आणून ठेवतो.”

दुपारी आम्ही परत आल्यावर त्यानं जुना सेन्सर काढला, नवा बसवला. आप्पांनी तेवढ्यावर भागवलं नाही. “आता तापवा हिला,” म्हणाले. भर उन्हात तासभर मला उभ्या उभ्या चालू ठेवलं. सीटला हात लावता येईना. पण मी बंद पडले नाही.

परतीच्या वाटेवर वाठारच्या पुढं आप्पा हळूच म्हणाले, “पोरी, घरी गेल्यावर मला अंधारी येती. दर खेपेला. दवाखान्यात सांगितलं तर प्रेशर मोजत्यात अन् म्हणत्यात, काय न्हाय.”

एरवी ती म्हणाली असती, मनाचे खेळ आहेत. त्या दिवशी तिनं मला रस्त्याच्या कडेला घेतलं, इंजिन बंद केलं आणि वडिलांकडं वळली.

“किती वाजता येती? बसल्या जागी की उठताना?”

पुढच्या खेपेला ती शेजारच्या नर्सबाईंकडून घरी मोजून घेतलेले आकडे घेऊन डॉक्टरांकडं गेली. डायलिसिसच्या दिवशी आप्पांचं प्रेशर घरी पोचल्यावर घसरत होतं. डॉक्टरांनी त्या दिवशीची सकाळची प्रेशरची गोळी संध्याकाळवर नेली. अंधारी थांबली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना तेलपाणी करा, पुसून ठेवा, ते तर हवंच. पण गाडी असो की माणूस, कुणी दुखणं सांगितलं आणि तुम्हाला ते दिसलं नाही, तर “काही नाही” म्हणून दार लावू नका. “आत्ता दिसत नाही” म्हणा, आणि थोडा वेळ थांबा.