तक्रारी शून्य

उपसंचालकाची खुर्ची मिळाली असती तर कात्रीला पगार सव्वापट मिळाला असता, खिडकीची खोली मिळाली असती आणि सासुरवाडीत बोलताना कुणी मध्येच तोडलं नसतं. यातली शेवटची मिळकत त्याला सगळ्यात मोलाची वाटे. पाणलोट संवर्धन मंडळाचं अंदाजपत्रक तोच बनवायचा, आणि खर्च छाटण्यात त्याचा हात असा बसला होता की शिपायापासून सगळे त्याला कात्रीच म्हणत.

त्या वर्षी संचालकबाईंनी नियम काढला. ज्या सेवेबद्दल तीन वर्षांत एकही तक्रार नाही ती बंद. तक्रार आली की माणूस पाठवू. यादीत सगळ्यात वर होता रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या जाळ्या साफ करणारा. एकेचाळीस जाळ्या, तक्रारी शून्य. आणि हा जाळीवाला म्हणजे कात्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

तक्रारी का नाहीत हे कात्रीला कळत नव्हतं असं नाही. पानं, फांद्या, प्लॅस्टिक तुंबायच्या आधीच दाजी उचलायचे. मग तक्रार करणार कोण, मासे? पण घरच्याच माणसाच्या पोटावर पाय दिला की बाकीच्यांना ओरडायला तोंड राहत नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने सही केली. माणूस निःपक्षपाती आहे, असं ऑफिसभर झालं.

पावसाळ्यात दोनदा आभाळ फाटलं. एकही मोरी तुंबली नाही. "बघा," संचालकबाई म्हणाल्या, "नुसती चरबी होती ती." बढतीची बैठक शुक्रवारी ठरली.

बढतीची बातमी आपल्याच तोंडून कळावी म्हणून आदल्या रविवारी तो वर्षभरानंतर ताईकडे गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ओढ्यावर असतील. तिथे ताई गुडघाभर पाण्यात फांदी ओढत होती आणि दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून दाजी दाताळ्याने जाळी खरवडत होते.

"हे काय चाललंय?"

"सहल," ताई म्हणाली. "धर ते टोक."

त्याने धरलं नाही. बूट नवे होते.

"दाजी, तक्रार केली की मंडळ माणूस पाठवतं ना आता?"

"पाणी काय फोन करून येतं?" दाजी म्हणाले. "खाली बालवाडी आहे. जाळी तुंबली की अर्ध्या तासात पोरं पाण्यात."

"पण फुकट?"

ताईने फांदी काठावर आपटली. "अरे शहाण्या, एक मोरी फुटली असती तर लोक काय म्हणाले असते? मेहुण्याला काढलं आणि वस्ती बुडवली! तुझ्या नावाला बट्टा नको, म्हणून हे वर्षभर उपसतायत. मीच सांगितलं. माहेर म्हणून मला तू एकटाच उरलायस."

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. "शुक्रवारी सगळं सांगतो," तो म्हणाला. "जागा परत आणतो."

"खुर्ची जाईल की, साहेब," दाजी हसले.

"जाऊ दे."

शुक्रवारी तो उभा राहिला. "जाळ्या आपोआप साफ राहिल्या नाहीत. त्या..." दाजी हा शब्द अगदी जिभेवर आला होता. समोर नऊ चेहरे होते. "त्या लोक साफ करतायत. स्वतःहून."

संचालकबाईंचे डोळे चमकले. "लोकसहभाग! अहो, लपवून काय ठेवलंत? जेवढं श्रमदान, तेवढ्या मजुरीचं अनुदान वरून मिळतं. किती तास?"

अजूनही वेळ होती. पण आकडा विचारला की कात्रीच्या तोंडून आकडाच निघायचा. "आठवड्याला बारा. वर्षाचे सहाशे चोवीस."

टाळ्या पडल्या. जागा परत आणायचा प्रश्नच मिटला. पगारी माणूस ठेवल्यावर श्रमदान कसलं आणि अनुदान कसलं?

फॉर्मवर श्रमदान करणाऱ्याची सही लागत होती. ती आणायला कात्रीलाच पाठवलं. दाजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"'स्वेच्छेने' असं लिहिलंय."

"हो."

"आणि दरवर्षी?"

कात्रीने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. दाजींनी सही केली. ताईने कागद त्याच्या हातात दिला आणि जन्मात पहिल्यांदा 'जेवून जा' म्हणाली नाही.

मंडळाला अनुदान मिळालं, कात्रीला खुर्ची मिळाली, बालवाडी कोरडी राहिली. या सगळ्याची किंमत भरणारं घर एकच. त्यातून दाजींचे तास गेले, दाजींची कंबर गेली आणि ताईचं माहेर गेलं.