घडीवरची गल्ली

नकाशाची घडी बरोबर तिच्या गल्लीवरून गेली होती. कापड रोज एकाच जागी दुमडलं की तिथेच विरतं, हे इस्त्री करून करून तिला ठाऊक होतं. कागदाचंही तसंच झालं होतं. शाई उडून गेली होती आणि गल्लीच्या जागी एक पांढरी, खरबरीत रेघ तेवढी उरली होती.

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलेल्या त्या नकाशासमोर सगळी गल्ली जमली होती. शहर वाढत होतं, नवा रस्ता हवा होता. तो गल्लीतून काढायचा की बंद कारखान्याच्या भिंतीकडून, हे लोकांनीच सांगावं म्हणून नियोजन खात्याने सभा बोलावली होती. दर दाराला एक हिरवी टिकली. जो मार्ग पसंत, त्यावर चिकटवायची.

"दोन द्या," तिचे धाकटे दीर टेबलामागच्या मुलीला म्हणाले. "वरच्या मजल्याची माझी, खालची वहिनींची. घर एकच आहे."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. "चालेल ना, काकू?"

"बघू."

मागे खसखस पिकली. गल्लीत तिला बघूकाकूच म्हणत. कपडे संध्याकाळी मिळतील का, असं विचारलं तरी "बघू". कपडे मात्र संध्याकाळी तयार असत.

"मागणी घातली तेव्हाही बघूच म्हणाली असेल," समोरचा न्हावी म्हणाला.

"म्हणाले होते मी. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत विचारलं," ती म्हणाली. "तुझ्यासारखं नुसतं हसले नाहीत."

नवरा गेल्यापासून दीरही तिला घर सोडण्याबद्दल विचारत होते. रस्ता गल्लीतून गेला तर शहराच्या टोकाला दोघांना दोन फ्लॅट मिळणार होते, आठव्या मजल्यावर, लिफ्टसकट. ती दर वेळी "बघू" म्हणे आणि दीर तो होकार समजून चालत. तिचं इस्त्रीचं टेबल नवऱ्याने खोलीतच ठोकून बनवलं होतं, दारापेक्षा रुंद. बाहेर काढायचं तर मोडावं लागणार होतं. नवं घेऊन देतो, असं दीर म्हणाले होते. माणूस मनाने वाईट नव्हता. पण कपड्यांचं बोचकं घेऊन आठव्या मजल्यावर कोण येणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

दिरांनी दोन्ही टिकल्या गल्लीवर दाबल्या. पहिली बसली. दुसरी नेमकी घडीवर आली. तिची कड उचलली गेली आणि ती खाली पडली. त्यांनी पुन्हा लावली, अंगठ्याने रेटून दाबली. टिकली सुटून वहिनींच्या चपलेपाशी येऊन पडली.

तिने वाकून उचलली.

"आणा इकडे, वहिनी."

"असू द्या, भावोजी. माझ्या दाराची आहे."

"अहो, चारचौघांत कशाला? घरातलं घरात बोलू."

"घरात तुम्ही बोलता, मी ऐकते."

"उद्या गुडघे धरले की लिफ्ट आठवेल."

"गुडघे आजही धरलेत. म्हणून काय हात थांबलेत माझे?"

ती नकाशापाशी गेली. कॉलरवरून फिरवावा तसा तिने घडीवरून तळवा फिरवला. मुरलेली घडी नुसत्या हाताने जात नाही, हे तिला माहीत होतं, तरी फिरवला. मग टिकली कारखान्याच्या भिंतीकडे लावली आणि नखाने कड बसवली.

दीर दुसरीकडे पाहू लागले. मुलीने पेन उघडलं. "काकू, काही म्हणणं असेल तर सांगा, मी लिहून घेते."

तिच्या तोंडून काय येणार हे सगळ्यांना पाठ होतं. न्हाव्याने तर तिच्या आधीच ओठ हलवले.

"लिहा," ती म्हणाली. "आमच्या गल्लीतून रस्ता नको. आणि काढलात, तरी मी घर सोडणार नाही."