ओढ्यावर नसलेला पूल

तिच्या वडिलांना न्यायला निघालेली रुग्णवाहिका ओढ्यापासून परत फिरली. चालकाच्या नकाशात तिथे पूल होता. ओढ्यावर तो कधीच नव्हता. वळसा घालून गाडी दाराशी आली तेव्हा फार उशीर झाला होता.

तो नकाशा तिच्याच कार्यालयात तयार झाला होता. रजा संपताच ती तडक भिंगाच्या टेबलापाशी गेली. उपग्रहाच्या चित्रांवरून रस्ते आखणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे भिंगच म्हणत.

“हा पूल तू आखलास?”

“चित्रात दिसला, आखला. ताई, मी काय मनातून पूल काढतो?”

“आणि तपासला कुणी?”

भिंगाने शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. तिथे काका बसले होते, कार्यालयातले सर्वांत जुने तपासनीस. अलीकडे काका डोळे झाकून मंजुरी देतात, असा तिला दाट संशय होता.

“पोरी, तुझं दुःख समजतं मला,” काका म्हणाले. “पण मी प्रत्येक पूल चित्राशी ताडून बघतो. ये, तूच बघ.”

पडद्यावर दोन्ही काठांना जोडणारी राखाडी पट्टी होती. नीट बघायला ती पुढे वाकली. पट्टीच्या कडा चौकोनी होत्या, ठोकळे रचल्यासारख्या.

“हे मूळ चित्र आहे?”

“मूळ उघडेपर्यंत चहा गार होतो,” भिंग हसला. “आपण आकसलेलं, कमी जागा घेणारं चित्र वापरतो. रंग जरा उजळायचे, पुन्हा सेव्ह करायचं.”

“म्हणजे दर वेळी पुन्हा आकसतं. बारीक तपशील पुसले जातात.”

“डोळ्यांना कुठे कळतं?”

“मूळ उघड.”

चित्र सावकाश उमटत गेलं. पाण्याची काळी रेघ कुठेही न तुटता वाहत होती. दोन कच्चे रस्ते समोरासमोरच्या काठांवर येऊन थांबले होते. आकसताना मधलं पाणी पुसलं जाऊन त्यांचाच पूल झाला होता. भिंगाचं हसू मावळलं.

काकांनी चष्मा काढला. “मीसुद्धा त्या आकसलेल्या चित्राशीच ताडत होतो गं.”

कुणी खोटं बोललं नव्हतं. तिने मनात जुळवून आणलेला गुन्हेगार हातातून निसटला, पण संशय काही जाईना. तो आता नकाशाभर पसरला.

“पुसून टाकतो,” भिंग पुटपुटला. “दोन मिनिटांचं काम.”

“आत्ता हात लावू नकोस, असे आणखी किती असतील कुणास ठाऊक. प्रत्येक पुलाचं मूळ चित्र काढ. आणि आधी रुग्णवाहिकावाल्यांना फोन लाव.”

“काय सांगू त्यांना?”

“आमच्या पुलांच्या भरवशावर गाडी घालू नका म्हणावं.”