पहिली मूठ

एकच दाणा होता, ज्वारीचा, फरशीच्या फटीत अडकलेला – आणि तो लाल होता. रुपालीने नखाने उकरून तो तळहातावर घेतला, तर तळहातही लाल झाला. कुंकू. म्हणजे अजून नीट वाळलेलंही नव्हतं. मामीने हौसेने रंगवलेल्या ज्वारीचं अख्खं पोतं जोतिराममामा सकाळच्या एसटीने सांगोल्याहून शुक्रवार पेठेत घेऊन आला होता आणि दारातच म्हणाला होता, "समद्यांची सोय केली बग, रुपे. आता कुणी घरनं आणायला नगं."

सोय! इतके दिवस ती एकेकाला समजावत होती – लग्नाला भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत, अक्षताही नाहीत. प्रत्येकाने आपल्या घरची मूठभर ज्वारी आणायची, मंडपातल्या परातीत ओतायची, बायकापुरुष सगळ्यांनी आळीपाळीने जात्यावर बसून ती दळायची, आणि त्या पिठाची पहिली भाकरी आम्ही दोघांनी मोडून खाल्ली की लग्न झालं. इतकं साधं. आणि यांनी काय ऐकलं? लग्न, आणि ज्वारी. मग झाल्याच की अक्षता, गावाकडे ज्वारीच्याच तर असतात! आता खा म्हणावं कुंकवाची भाकरी... कुणाकुणाशी डोकं लावायचं माणसाने. ऑफिसातली एक विचारते, पाकिटातलं पीठ चालेल का गं. मंडपवाला बसू तर कालपासून मागेच लागलाय – "मॅडम, अक्षता न्हाईत तर लगीन लागलं हे पब्लिकला कळणार कसं? जेवायला कवा उटायचं लोकांनी?" भाकरी मोडल्यावर, असं तिने सांगितलं, तर तो तिच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. आणि गुरुशांत, ज्याचं हे निम्मं लग्न आहे, तो फोनवर शांतपणे म्हणतो, "रंगीत तर रंगीत. तू म्हणशील तसं." तू म्हणशील तसं! अरे, भांड तरी माझ्याशी. सगळ्यांनी ऐकायचं, माना डोलवायच्या, आणि शेवटी करायचं ते आपलंच.

मामा जेवून बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता आणि घोरतही होता. मोरीत रुपालीची आई तानाबाई ती ज्वारी बादलीत घालून धूत बसली होती. पाणी लाल. ते ओतायचं, दुसरं घ्यायचं, तेही लाल.

"आई, राहू दे ते. जाणार नाही रंग."

"जाईल की. लई नासाडी हुईल न्हाईतर."

"तुझी मूठ डब्यातल्या साध्या ज्वारीची घ्यायची. पहिली तुझी, लक्षात आहे ना?"

आईचे हात बादलीत थांबले. "पैली मामीची घे. सवाशीण हाय ती."

पुन्हा तेच! परवा तेच, काल तेच... या एका मुठीसाठीच तर सगळं मांडलं होतं – मोठ्या मामाच्या अंकिताचं लग्न, हळदीच्या दिवशीचं भरलेलं अंगण, सकाळपासून वाकून हळद दळणारी आई, आणि मग कुणीतरी हाक मारली, सवाशिणींनी पुढं या, तशी हातातली पिवळी वाटी दुसरीच्या हातात देऊन आई मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली... कुणी ढकललं नाही, कुणी काही बोललंसुद्धा नाही. मी शाळेत होते तेव्हा, फ्रॉकात, आणि मला ती भिंत अजून दिसते. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लग्नात माझी आई सगळ्यांच्या पुढे असेल, आणि तिला मागे सारणारा एकही विधी मी ठेवणार नाही.

"तुला मागे उभं करणारं सगळं मी काढून टाकलंय," ती जवळजवळ ओरडलीच. "आता तुला अडवतंय कोण?"

"वरडू नगं, मामा निजलाय." आईने बादली आडवी करून पाणी सोडलं. "लगीन तुजं, आन् बघत्याल मला. समदा मंडप बगंल, ही बग तानी, नवरा न्हाय तिला, लेकीनं म्होरं काडली. मला सोसंल का ते?"

"अंकिताच्या वेळी सोसलं ना?"

"तवा मला भिंत बरी वाटली. तितं कुणी बगत नव्हतं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तवाबी कुणी इचारलं न्हाय मला, कुटं हुबी ऱ्हाशील. आन् आता तूबी न्हाय इचारलंस."

अगं, पण हे सगळं तुझ्यासाठीच तर... तुझ्यासाठी? की माझ्या डोळ्यांसमोरचं ते अंगण एकदाचं पुसून जावं म्हणून? परात, जातं, भाकरी हे सगळं तिने नंतर जोडलं होतं. आधी होती ती फक्त आईची मूठ. ती काढली तर उरतं काय... बसूच्या मंडपात ताटकळलेली माणसं, जेवायला कधी उठायचं म्हणून एकमेकांकडे बघणारी.

मग विचारावं. आत्ता. तुला कुठे उभं राहायचंय, आई? विचारायला काय लागतं? पण विचारलं की ती खरं सांगणार, आणि ते ऐकावं लागणार, आणि ऐकून मानावं लागणार. कारण ऐकून माना डोलवायच्या आणि करायचं ते आपलंच, हे मग मीच केल्यासारखं होईल. सकाळपासून मामावर, बसूवर, गुरुशांतवर चिडत होते ते किती सोपं होतं. आता चिडायला कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

"आई..."

"बोल की." आईने मानही वर केली नाही, ओली ज्वारी सुपात पसरत राहिली.

रुपाली मोरीच्या दारात तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आईची भीती वाटत होती.